नांगराच्या तळाखालचा कठीण थर: सबसॉयलर आणि चिझेल कधी, किती खोल आणि कसा चालवावा

भारी काळ्या रानात उसाला पाणी दिलं की दोन-दोन दिवस सरीत पाणी उभं राहतं. त्याच रानात आठवड्याभराने भर दुपारी उसाची पानं सुरळी होऊन मलूल दिसतात. पाणी जास्त झालं म्हणावं तर ऊस तहानलेला, कमी झालं म्हणावं तर सरी ओली. दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: वरच्या सात-आठ इंच मोकळ्या मातीखाली दाबून बसलेला एक थर. पाणी त्याच्या खाली मुरत नाही आणि मुळं त्याच्या खाली उतरत नाहीत. पीक आठ इंच मातीवर जगत असतं, मग जमीन चार फूट खोल असली तरी तिचा काय उपयोग?

हा थर फोडायला सबसॉयलर आहे, चिझेल नांगर आहे, आणि हल्ली ते गावोगाव भाड्याने मिळतात. पण ‘यंदा सबसॉयलर मारला’ असं सांगणाऱ्याला ‘थर कितव्या इंचावर होता?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. अवजार दोन फूट खाली गेलं याचंच समाधान असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की खोली आधी खणून ठरवायची, मग लिव्हरला हात घालायचा. ओल चुकली किंवा खोली चुकली तर डिझेल जातं, आणि कधीकधी जमीन आधीपेक्षा वाईट होते.

थर तयार कसा होतो

पलटी नांगर वर्षानुवर्षं एकाच खोलीवर चालला की त्याच्या फाळाचा तळ खालची माती घासून चोपतो. त्यात ट्रॅक्टरचं एका बाजूचं चाक उघड्या तासातून (अवजाराने काढलेल्या चरातून), म्हणजे नेमकं त्या तळावरूनच पळतं. त्यामुळे आठ ते बारा इंचांच्या दरम्यान कठीण पट्टा बसतो. रोटाव्हेटरचा थर आणखी वर, चार ते सहा इंचांवर असतो. वरची माती पिठासारखी होते, दिसायला सुरेख दिसते, पण पाती खालच्या ओलसर मातीवर आपटून-घासून ती गुळगुळीत करतात. सोयाबीनच्या रानात हा उथळ थर फार दिसतो.

तिसरं कारण वजन. ऊसतोडणीच्या हंगामात भरलेली ट्रॉली, आणि आता तोडणीयंत्र, ओल्या रानातून फिरतं. एका आसावरचं वजन दहा टनांच्या आसपास गेलं की दाब सोळा इंचांच्याही खाली पोचतो, आणि तिथला दाब नेहमीच्या नांगरटीने निघत नाही. एकाच जागेवरून चाक अनेकदा गेलं तर बहुतेक दाब पहिल्याच फेरीत बसतो, हे लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा त्याकडे येईन.

इथे काळ्या जमिनीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. कोरडवाहू रानात एप्रिल-मे महिन्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या दोन-तीन फूट खाली जातात. ही जमीन स्वतःच स्वतःला फोडत असते. म्हणूनच मराठवाड्यात किंवा विदर्भात दरवर्षी उन्हाळा सोसणाऱ्या खोल काळ्या रानात सबसॉयलरची गरज वाटते तेवढी नसते. पण कृष्णा-वारणेच्या काठचं बारमाही उसाचं रान कधी पुरतं वाळतच नाही. लावण, मग तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारा खोडवा, निडवा असं चार-चार वर्षं पाणी चालू राहतं. तिथे भेगा पडायला सवडच मिळत नाही, आणि वरून वाहनं चालतात. खरी गरज तिथे आहे.

आधी सळई, मग खड्डा

आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, तीन फूट लांब लोखंडी सळई घ्या. एक टोक घासून बोथट-अणकुचीदार करा, दुसऱ्या टोकाला आडवी मूठ वेल्ड करून घ्या. चांगला पाऊस किंवा पाणी होऊन रान वाफशावर आलं, म्हणजे चिखल जाऊन माती ओलसर-मोकळी झाली, की सळई दोन्ही हातांनी, एकसारख्या जोराने दाबत न्या. ठोकायची नाही, अंगाचा झटका द्यायचा नाही. सळई अडली की जमिनीलगत अंगठा धरा, बाहेर काढा, इंच मोजा. मग पुन्हा घाला आणि जोर वाढवून थराच्या पार न्या. एकदम सैल झाली की थर संपला, तीही खोली लिहा. वरची आणि खालची, दोन्ही खोल्या हव्यात.

कोरड्या काळ्या रानात ही परीक्षा करू नका. तिथे सळई सगळीकडेच अडते. वाफसा वरच्या थरात आहे तसा खालीही असला पाहिजे.

एकरी पंधरा-वीस ठिकाणी तरी सळई घाला. ट्रॅक्टर वळतो ती टोकं, ट्रॉली भरायची जागा आणि रानाचा मधला भाग यांचे आकडे वेगळे लिहा. बांधालगत जिथे कधी चाक गेलं नाही तिथेही घाला. ती तुमची मूळ जमीन, तुलना तिच्याशी करायची. पुष्कळदा असं निघतं की थर रानाच्या टोकांनाच आहे आणि मधे काहीच नाही. मग अख्खं रान फोडायचं कारण उरत नाही.

कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात पेनेट्रोमीटर असेल तर तो मागून बघा. सळईचंच काम तो दाब मोजून करतो. चौरस सेंटिमीटरला साधारण २० किलोच्या पुढे दाब लागायला लागला की बहुतेक पिकांची मुळं तिथे थबकतात.

सळई जागा सांगते, कारण सांगत नाही. एखादा दगड, मुरमाचा पट्टा किंवा चुनखडीचा थर लागला तरी ती अडते. म्हणून दोन-तीन ठिकाणी खड्डा खणायलाच हवा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल. एक भिंत कुदळीने न घासता सरळ ठेवा आणि वरून खाली बोटभर अंतरावर चाकूचं टोक टोचत या. मोकळ्या मातीत चाकू सहज जातो आणि माती कणीदार सुटते. थर आला की चाकू अडतो, आणि उकरल्यावर माती आडव्या पापुद्र्यांनी निघते. हाताने मोडली की ढेकूळ कडेला धारदार, कोनदार असतो. थराच्या खाली पुन्हा माती मऊ लागली, तर तो चाकांनी आणि फाळाने केलेला थर आहे. खालपर्यंत सगळंच कठीण असेल तर ती जमिनीची जात आहे, आणि उपाय वेगळा.

सगळ्यात खरी साक्ष मुळांची. पीक निघालं की तुरीची किंवा कपाशीची चार झाडं कुदळीने हळुवार खणून काढा, उपटू नका. सोटमूळ सरळ खाली गेलं असेल तर चिंता नाही. सात-आठ इंचांवर जाऊन मूळ जाड होऊन काटकोनात वळलं असेल, तर थर नेमका त्या वळणावर आहे. मला कुठल्याही यंत्राच्या आकड्यापेक्षा त्या वाकलेल्या मुळावर जास्त विश्वास वाटतो.

आकडा हवाच असेल तर चार इंची पाईपचा १० सेंटिमीटर लांब तुकडा कापून एका कडेला धार करा. तो थरात लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवा, आजूबाजूची माती उकरून भरलेला काढा, दोन्ही बाजू सुरीने सपाट करा. ती माती पूर्ण वाळवून वजन करा. पाईपचा आतला व्यास १० सेंटिमीटर असेल तर आत ७८५ घन सेंटिमीटर माती मावते. वाळलेलं वजन १,१०० ग्रॅम भरलं तर घनता १.४० झाली. चिकण काळ्या मातीत १.१ च्या आसपास घनता उत्तम. १.४ च्या पुढे मुळांना अडथळा सुरू होतो. रेताड जमिनीत ही हद्द बरीच वर, १.७-१.८ च्या आसपास असते, त्यामुळे दुसऱ्याच्या रानाचा आकडा आपल्या रानाला लावू नये. काळी माती ओलीनुसार फुगते-आकसते, म्हणून नमुना नेहमी वाफशावरच घ्या, आणि बांधालगतचा नमुना जोडीला ठेवा. उन्हात माती प्रयोगशाळेच्या ओव्हनइतकी वाळत नाही, आकडा जरा जास्तच येतो. तुलनेला मात्र तो पुरतो.

कुठे सबसॉयलर नेऊच नये

भाताच्या खाचरात नाही. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाच्या बांध्यांत चिखलणीने बसलेला थर पाणी धरून ठेवतो, भाताला तो हवा असतो. तो फोडला की पाणी टिकत नाही. भातानंतर दुसरं खोल मुळाचं पीक कायमचं घ्यायचं ठरवलं असेल तेवढाच अपवाद.

दीड फुटाखाली मुरूम किंवा कातळ असलेल्या हलक्या रानात नाही. तिथे थर नसतो, जमीनच तेवढी असते. फाळ कातळात अडकून अवजार वाकतं.

चोपण जमिनीत एकटा सबसॉयलर नाही. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि मातीत सोडियम जास्त असेल, तर माती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते आणि फोडलेल्या भेगा पहिल्या पावसातच लिंपून जातात. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात आणि अति पाण्याने बिघडलेल्या नदीकाठच्या रानांत हे नेहमी दिसतं. तिथे माती परीक्षण, निचऱ्याची चारी, मात्रेनुसार जिप्सम, आणि मग त्या जिप्समला खाली वाट करून द्यायला सबसॉयलर. हा क्रम उलटा केला तर सबसॉयलरचे पैसे वाया जातात.

पाण्याची पातळी तीन फुटांवर उभी असलेल्या चिबड रानातही आधी निचरा. उभ्या फळबागेत झाडाच्या घेराखाली तर मुळीच नाही.

अवजार कोणतं

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हापासून आपल्याकडे खोल नांगरट म्हणजे चांगली शेती हे समीकरण पक्कं आहे. हराळी-कुंद्याच्या रानात ते खरंही आहे, काशी (तणाची जमिनीखालची खोडं) वर काढून उन्हात वाळवायला पलटी नांगरासारखं दुसरं काही नाही. पण थर फोडायला पलटी नांगर चुकीचा. तो माती उलटी करतो, खालची चुनखडीयुक्त, सेंद्रिय कर्ब नसलेली माती वर आणतो आणि आपल्याच तळाशी नवा थर दाबतो. थर फोडणाऱ्या अवजाराने माती उलटायची नसते, जागच्या जागी उचलून तडकवायची असते.

चिझेल नांगराला एका चौकटीवर अनेक अरुंद, वाकडे फाळ असतात. दहा ते पंधरा इंचांपर्यंतचं काम तो चांगलं करतो, आणि फाळ जवळजवळ असल्याने मधे न फुटलेली माती कमी राहते. थर आठ-दहा इंचांपर्यंतच असेल, म्हणजे रोटाव्हेटरचा किंवा नांगराचा असेल, तर बहुतेक शेतकऱ्यांचं काम चिझेलने होतं. सबसॉयलर कशाला, असं मी स्पष्टच सांगतो.

सबसॉयलरला एक किंवा दोन जाड, उंच पाय असतात, खाली टणक टोक असतं, आणि तो दीड ते दोन फूट जाऊ शकतो. ट्रॉली आणि तोडणीयंत्राने खोलवर दाबलेल्या उसाच्या रानात त्याची जागा. एकफाळी सबसॉयलर पंधरा-सोळा इंचांवर ओढायला ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, दोन फाळांना त्याहून बराच मोठा. विकत घेताना टोकाच्या दोन्ही बाजूंना पंख बसतात का ते बघा. पंख असले की ओढ वाढते, पण तडकणारी माती त्याहून जास्त वाढते, म्हणजे फोडलेल्या मातीमागे डिझेल कमी पडतं. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर (पीटीओवर) थरथरणारे सबसॉयलरही असतात. त्यांना ओढ कमी लागते, पण दुरुस्ती जास्त.

मोल नांगर दिसायला सबसॉयलरचा भाऊ, काम मात्र वेगळं. त्याच्या पायाला तळाशी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा लोखंडी ठोकळा आणि मागे साखळीला फुगीर गोळा असतो. तो दीड-दोन फुटांवर मातीत एक नळी कोरत जातो आणि पाणी त्या नळीतून चारीत उतरतं. त्याला भरपूर चिकण माती, एकसारखा उतार आणि शेवटी उघडी चारी लागते. सबसॉयलरला खाली कोरडी माती हवी, तर मोलला खाली ओलसर, मळता येणारी हवी, नाहीतर नळी टिकत नाही. एकाच दिवशी दोन्ही कामं नीट होणार नाहीत.

अवजाराच्या अनुदानासाठी अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो. पण तीन-चार वर्षांतून एकदा लागणारं अवजार एकट्याने घेऊन गंजवत ठेवण्यापेक्षा गटाने घ्या किंवा भाड्याने आणा.

ओल: मातीची वात करून बघा

सगळं काम यावर अवलंबून आहे. जिथे फाळाचं टोक जाणार आहे, त्या खोलीवरची माती काढा. वरची नाही, पंधरा इंचांवर काम करायचं असेल तर पंधरा इंचांवरची. मूठभर माती घेऊन तळहातावर वात वळा. काडेपेटीच्या काडीपेक्षा जराशी जाड, तीन मिलिमीटरची वात न तुटता वळली, तर माती ओली आहे, ट्रॅक्टर परत पाठवा. वळता-वळता वात तुकडे होऊन भुगा झाली तर घात, म्हणजे कामाला योग्य ओल, आली.

ओल्या चिकण मातीत फाळ सुरीसारखा चालतो. बाजूची माती तडकत नाही, दाबली जाते, आणि चिरेच्या दोन्ही भिंती चकचकीत लिंपल्या जातात. पीक लावल्यावर मुळं त्या लिंपलेल्या भिंतीपाशी अडतात.

उलट, अगदी कोरड्या उन्हाळी काळ्या रानात घरातल्या माठाएवढी ढेकळं निघतात, ओढ इतकी लागते की चाकं जागेवर फिरतात, आणि ती ढेकळं फोडायला पुन्हा तीनदा रोटर मारावा लागतो. मग सगळंच मुसळ केरात. शेतकऱ्याला नेमकी हवी असते ती मधली अवस्था: वर कोरडी, खाली भुगा होणारी.

ती मिळवायची कशी? जमिनीतलं पाणी पिकाकडून ओढून घ्या. कोरडवाहू रानात तूर किंवा हरभरा निघाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ही घात बहुतेक मिळते. उसात शेवटच्या खोडव्याचं पाणी तोडणीआधी वेळेवर तोडा, तोडणीनंतर पाचट बाजूला ओढून रान तापू द्या आणि रोज नाही तरी दोन-तीन दिवसांनी वात वळून बघा. सुरू लागणीची घाई असलेल्यांची इथे अडचण होते. जानेवारीत ऊस तुटला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लागण करायची, तर खालची माती वाळतच नाही. अशा वर्षी सबसॉयलरचा नाद सोडावा, चिझेलने वरचं काम करावं. किंवा उन्हाळाभर रान तापवून, पावसाच्या तोंडावर ताग पेरून गाडावा आणि पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरची) लागण करावी. एवढी सवड देणं परवडत नाही हे मला ठाऊक आहे. तरी खोलवर दाबलेल्या रानाला एकदा ती द्यावी असं मनापासून वाटतं.

खोली आणि अंतर

थराचा तळ जिथे संपतो, त्याच्या खाली एक ते दोन इंच. बस. थर सात इंचांवर सुरू होऊन अकराला संपत असेल तर टोक तेरा इंचांवर. अठरा नाही, चोवीस नाही.

जास्त खोल गेलं तर काय बिघडतं? पहिली गोष्ट ओढ. खोली वाढते त्यापेक्षा ओढ कितीतरी वेगाने वाढते. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते: प्रत्येक फाळाला एक हद्द असते. त्या हद्दीच्या वर माती पुढे-वर उचलली जाऊन तडकते. हद्दीच्या खाली वरच्या मातीचं ओझं इतकं होतं की तिला वर सरकता येत नाही, ती फक्त बाजूला दाबली जाते. साध्या अरुंद फाळाची ही हद्द त्याच्या टोकाच्या रुंदीच्या साधारण पाच ते सात पट असते. टोक अडीच इंच रुंद असेल तर हद्द तेरा ते सतरा इंच. तोच फाळ दोन फूट खाली घातला तर तुम्ही पैसे देऊन खालची माती आणखी दाबून घेत आहात.

खोल जायलाच हवं असेल तर ही हद्द खाली ढकलायचे दोन मार्ग आहेत. एक, पंख असलेलं टोक. दुसरा, आधी चिझेलने किंवा फणपाळीने वरची सहा-आठ इंच माती मोकळी करून घेणं, म्हणजे वरचं ओझं हलकं होतं आणि खालची माती उचलायला जागा मिळते.

दोन तासांमधलं अंतरही खोलीवरून ठरतं. साध्या फाळाने सगळं रान सलग तडकवायचं तर अंतर खोलीच्या एक ते दीड पट ठेवा. पंखाच्या फाळाने दीड ते दोन पट चालतं. पंधरा इंच खोलीला साधा फाळ म्हणजे दोन तासांत पंधरा ते बावीस इंच. आपल्याकडे सर्रास चार-पाच फुटांवर एक तास मारतात. त्यात मधला मोठा पट्टा जसाच्या तसा राहतो. सोयाबीन, गहू, हरभऱ्याला असं पट्ट्यापट्ट्याने काम झालेलं रान मिळालं की पीक उंचसखल दिसतं.

उसाची गोष्ट मात्र निराळी. पाच फुटी सरी असेल आणि सबसॉयलरचा तास नेमका जिथे उसाची ओळ येणार तिथे मारला, तर मधला पट्टा न फोडलेला राहिला तरी चालतं. उलट तो पट्टा चाकांसाठी ठेवावा. त्यासाठी सबसॉयलरच्या आधी सरीची आखणी करा, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका आणि सरी काढताना त्याच खुंट्या धरा. उभं-आडवं दोनदा मारायची पद्धत मला पटत नाही. दुसऱ्या वेळी ट्रॅक्टर पहिल्यांदा मोकळ्या केलेल्या मातीवरूनच चालतो.

ट्रॅक्टर जोडताना आणि चालवताना

सबसॉयलर रानात उतरवायच्या आधी जमिनीखालचं सगळं आठवा, आणि शेजाऱ्यालाही विचारा. विहिरीवरून नेलेली पाईपलाईन, ठिबकची सबमेन, मोटारीची पुरलेली केबल, आणि बांधापलीकडच्याने पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या रानातून नेलेला पाईप. पाईप साधारण दोन-अडीच फुटांवर असतो असं सगळे सांगतात, पण वळणाला आणि बांधाजवळ तो फुटावरही निघतो. कुदळीने दोन-तीन जागी उकरून खात्री करा, चुन्याने रेघ मारा आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे सहा फूट फाळ वर उचला. पुरलेल्या विजेच्या केबलजवळ तर जाऊच नका.

अवजार सपाट जागेवर जोडा. टोक जमिनीला लागल्यावर पाय उभा सरळ दिसला पाहिजे आणि टोकाचा उतार साधारण २० ते २५ अंशांचा हवा. टोक जास्त उभं झालं तर माती उचलत नाही, रेटत नेते. हे टॉप लिंक (अवजार ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा) लांब-आखूड करून जुळवायचं. झिजून गोल झालेलं टोक बदला. गोल टोकाने ओढ वाढते, खोली धरत नाही, आणि ड्रायव्हर नाहक लिव्हर दाबत राहतो.

शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आला की आधी तुटून अवजार वाचवणारा बोल्ट, कंपनीने दिलेल्या ताकदीचाच घाला. तो तुटतो म्हणून टणक बोल्ट घातला की पुढच्या दगडाला चौकट वाकते किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचं नुकसान होतं. पुढचं तोंड उचलत असेल तर पुढे वजनं लावा.

लो गिअर, ताशी तीन ते पाच किलोमीटर. हायड्रोलिक ड्राफ्ट कंट्रोलवर ठेवा, म्हणजे कठीण जागी ओढ वाढली की अवजार आपोआप थोडं उचललं जाऊन पुन्हा बसतं. चाकाचं घसरणं १५ टक्क्यांच्या आत हवं. मोजायचं कसं: मागच्या चाकावर खडूची खूण करा, अवजार उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर गेलं ते मोजा, मग अवजार जमिनीत ठेवून पुन्हा दहा फेऱ्या. मोकळा ४० मीटर गेला आणि ओढताना ३५, तर घसरणं साडेबारा टक्के. १५ टक्क्यांहून जास्त घसरत असेल तर खोली किंवा फाळ कमी करा. घसरणारं चाक वरची माती घोटून चोपतं.

टोकाला पोचलं की आधी फाळ पूर्ण बाहेर, मग वळण. फाळ जमिनीत असताना वळवणं किंवा मागे घेणं म्हणजे पाय वाकवणं. आणि अवजारावर वजन म्हणून माणूस बसवू नका. हे अजूनही दिसतं आणि बघवत नाही.

पहिल्या तासानंतर ट्रॅक्टर थांबवा

शंभर फुटांचा एक तास मारून झाला की इंजिन बंद करायला लावा. ड्रायव्हर घड्याळाच्या तासावर पैसे घेत असेल तर कुरकुर करेल, करू द्या. फावडं घेऊन तासाला आडवा, चार फूट लांब चर खणा, फाळाच्या खोलीपर्यंत. चराची भिंत हाताने झाडा आणि नीट बघा.

काम चांगलं झालं असेल तर तळाशी अरुंद आणि वर रुंद होत गेलेली, सुपासारखी उघडलेली तडकलेली माती दिसेल. थराचे तुकडे झालेले असतील, तुकड्यांमध्ये बोट जाईल अशा फटी असतील. वरून पाहिलं तर तासाच्या दोन्ही बाजूंची जमीन दोन-तीन इंच फुगून उचललेली दिसेल. तासाशेजारी पायाने चाललात तर पाय किंचित खाली बसेल.

काम फसलं असेल तर चरात नुसती उभी चीर दिसते, फाळाच्या जाडीची, आणि दोन्ही कडा चकाकतात. नख मारलं तर ओरखडा उठतो. हे ओलीचं लक्षण, काम तिथेच थांबवा. चीर वर उघडलेली पण तळाचे सहा-सात इंच बंद असतील, तर तुम्ही हद्दीच्या खाली गेला आहात, फाळ वर घ्या. थराचा वरचा भाग तुटलाय आणि खालची दोन बोटं अखंड राहिलीत, तर उलट फाळ जरा खाली हवा. एका चरात हे सगळं समजतं, आणि उरलेलं रान वाचतं.

त्यानंतरचे दिवस

फोडलेली माती फार नाजूक असते. लगेच पाटाने भरपूर पाणी दिलं तर फटी चिखलाने भरतात आणि महिन्याभरात रान पूर्ववत. पहिलं पाणी हलकं द्या, शक्य असेल तर ठिबकने. रोटर दोन-तीनदा मारून पीठ करायचा मोह आवरा. ढेकळं एका कुळवाच्या पाळीने आणि पहिल्या वळवाने आपोआप विरघळतात.

फटी उघड्या ठेवायचं काम मुळांनी करायचं असतं. चांगलं कुजलेलं शेणखत पसरा, आणि सवड असेल तर ताग किंवा धैंचा पेरा. फुलावर येण्याआधी गाडला की वरच्या थराला सेंद्रिय माल मिळतो आणि त्याची मुळं कुजून खाली बारीक नळ्या राहतात. फेरपालटात तूर घेतलीत तर उत्तम. तिचं सोटमूळ मोकळ्या वाटेने खोल जातं आणि पुढच्या पिकासाठी वाट ठेवून जातं. खोडव्यात पाचट जाळू नका. बगला फोडताना (वरंब्याच्या बाजू नांगरताना) मात्र लहान ट्रॅक्टर वापरा आणि वाफसा बघूनच रानात घाला.

सगळ्यात कठीण काम चाकांचं. मोकळी माती दाबायला एक फेरी पुरते. सबसॉयलर मारलेल्या रानात भरलेली ट्रॉली आणू नका. ऊस रस्त्याकडेला बाहेर काढून भरायची व्यवस्था ऊसतोड टोळीच्या मुकादमाशी आधीच बोला. तोडणीयंत्र येणार असेल तर सरी त्याच्या चाकांच्या अंतराला जुळेल अशी, साडेचार-पाच फुटांची ठेवा, म्हणजे चाकं ओळींच्या मधून जातील. ट्रॅक्टरची येण्या-जाण्याची वाट ठरवा आणि दरवर्षी तीच ठेवा. पाऊस पडलेला असेल तर तोडणीची चिठ्ठी दोन दिवस पुढे ढकलता येते का ते बघा. पाळी जाईल या भीतीने ओल्या रानात ट्रॉली घातली तर पुढच्या तीन वर्षांचं काम पुन्हा करावं लागतं.

दरवर्षी सबसॉयलर नको. पुढच्या पावसाळ्यात वाफशावर पुन्हा तीच सळई, त्याच ठिकाणी, त्याच वहीत. सळई पूर्वी जिथे अडत होती तिथून सहज खाली जात असेल तर दोन-तीन वर्षं अवजाराचं नाव काढू नका. एकाच पावसाळ्यात पुन्हा अडायला लागली, तर पुन्हा ट्रॅक्टर बोलावण्याआधी माती परीक्षणाचा कागद काढून सोडियमचा आकडा बघा, निचऱ्याची चारी बुजली आहे का ते बघा आणि रानातून कोणाची वाहनं जातात ते विचारा.